आकडा बरोबर, जागा चुकीची

ऑगस्ट २०२५ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाभोवती क्रिल पकडणाऱ्या जहाजांना जाळी आवरून परतावे लागले. क्रिलचा हंगाम १ डिसेंबरला सुरू होऊन पुढच्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरला संपतो, म्हणजे हंगामाचे जवळजवळ चार महिने अजून शिल्लक होते. पण दक्षिण अटलांटिकच्या त्या टापूसाठी ठरलेली ६ लाख २० हजार टनांची मर्यादा गाठली गेली होती, आणि असे पहिल्यांदाच घडत होते. मर्यादा भरली, मासेमारी थांबली. यापेक्षा चोख कारभार आणखी कोणता, असे कुणीही विचारील. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. त्या हंगामात आकडा पाळला गेला, पण तो ज्यांच्यासाठी ठरवला होता त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. ध्रुवीय समुद्रात ‘किती पकडले’ हा प्रश्न ‘कुठे पकडले, केव्हा पकडले’ या प्रश्नांपासून तोडला, की त्याचे उत्तर बरोबर येते आणि तरीही कामाचे राहत नाही. गेल्या शंभर वर्षांचा दक्षिण महासागराचा इतिहास हेच पुन्हा पुन्हा सांगतो आहे.

आधी क्रिलविषयी थोडे. आपल्या किनाऱ्यावरच्या जवळ्याचा हा लांबचा भाऊबंद: कवचधारी, पारदर्शक, लालसर ठिपक्यांचा, फार तर सहा सेंटिमीटर लांब. पण जवळ्याहून पुष्कळ दीर्घायुषी. पाच-सहा वर्षे सहज जगतो. मादी उन्हाळ्यात अंडी घालते, ती शेकडो मीटर खोल बुडत जातात, तिथे फुटतात आणि अळ्या वर पोहत येतात. पहिला हिवाळा या अळ्या समुद्रबर्फाच्या खालच्या अंगाला वाढणाऱ्या शेवाळावर काढतात. बर्फ कमी पडला किंवा उशिरा धरला, की त्या वर्षीची पिढी रोडावते. जगलेले क्रिल प्रचंड थवे करून राहतात. दाट थव्यात एका घनमीटर पाण्यात हजारो जीव असतात. निळा देवमासा, फिन, हंपबॅक, खेकडे न खाणारे पण नावाने खेकडाखाऊ म्हणवणारे सील, फर सील, अडेली, चिनस्ट्रॅप आणि जेंटू पेंग्विन, कितीतरी समुद्रपक्षी, मासे आणि माकूळ यांचे पोट या एका जिवावर भरते. माणसाला तो हवा असतो तो ओमेगा-३च्या कॅप्सूलसाठी आणि मत्स्यशेतीत वाढवलेल्या सालमन माशांच्या खाद्यासाठी. नॉर्वेची जहाजे यात आघाडीवर आहेत. पाठोपाठ चीन, दक्षिण कोरिया, चिली आणि युक्रेन. जाळे पुनःपुन्हा वर न ओढता त्यातले क्रिल पंपाने सतत जहाजावर खेचून घेण्याचे तंत्र आता रुळले आहे.

दक्षिण महासागरात आकड्याने फसवण्याची परंपरा देवमाशांपासून सुरू होते. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात सुमारे वीस लाख देवमासे मारले गेले, आणि त्यातला मोठा भाग नियम नसताना नव्हे, नियम असताना मारला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने अंटार्क्टिक समुद्रासाठी वार्षिक कोटा ठरवला तो ‘निळ्या देवमाशाच्या एककां’मध्ये. एक निळा बरोबर दोन फिन, बरोबर अडीच हंपबॅक, बरोबर सहा सेई. सुरुवातीचा कोटा होता १६ हजार एककांचा. हा हिशेब तेलाच्या पिंपांचा होता, समुद्रातल्या जिवांचा नव्हता. एका निळ्यात सर्वाधिक तेल, म्हणून दिसला की आधी निळा मारायचा. तो मिळेनासा झाला की फिन, मग सेई. कोटा वर्षानुवर्षे पाळला जात होता आणि त्याच्या आत एकेक जात संपत चालली होती. १९७२ मध्ये हे एकक मोडीत निघाले तेव्हा दक्षिणेतला निळा देवमासा मूळच्या एक टक्क्याच्याही खाली आलेला होता. त्यातही कोटा पाळला जातो ही समजूतच खोटी निघाली. सोव्हिएत ताफ्यांनी खोटे अहवाल दिल्याचे रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव यांनी १९९३ मध्ये उघड केले. १९५९ ते १९६१ या दोनच हंगामांत दक्षिणेत सुमारे २५ हजार हंपबॅक मारले गेले होते आणि आयोगाच्या कागदावर त्यांचा मागमूस नव्हता. जहाजावर तटस्थ निरीक्षक हवा, हा आज साधा वाटणारा नियम या किमतीला मिळालेला आहे.

देवमासे सरले तसे ताफे माशांकडे वळले. साउथ जॉर्जिया बेटाभोवती ‘मार्बल्ड रॉककॉड’ नावाचा मासा विपुल होता. १९६९-७० च्या एका हंगामात त्याची सुमारे ४ लाख टन मासेमारी झाली, पुढच्या हंगामात लाखभर टन, आणि त्यानंतर धंदा करण्याजोगा मासाच उरला नाही. हा मासा सावकाश वाढतो, उशिरा वयात येतो, आणि बेटाभोवतीच्या उथळ पट्टीवरच राहतो. समुद्र अफाट असला तरी या माशाचा समुद्र त्या पट्टीएवढाच होता. त्यानंतर सोव्हिएत जहाजांची नजर क्रिलवर गेली. १९८१-८२ मध्ये क्रिलची पकड पाच लाख टनांच्या वर होती, आणि जे देवमाशांचे झाले ते आता त्यांच्या अन्नाचे होणार, ही भीती त्याआधीच खरी वाटू लागली होती.

त्या भीतीतून जो करार जन्मला तो आपल्या काळातल्या शहाण्या दस्तऐवजांपैकी एक आहे, हे त्याच्यावर टीका करण्याआधी मान्य केले पाहिजे. अंटार्क्टिक सागरी सजीव संपत्तीच्या संवर्धनाचा हा करार २० मे १९८० रोजी कॅनबेरात झाला आणि ७ एप्रिल १९८२ पासून लागू झाला. त्याचा आयोग, ज्याला सगळे ‘कॅमलार’ म्हणतात, टास्मानियातल्या होबार्टला आहे. त्याआधीचे मत्स्यकरार एकेका माशाचा विचार करत. या कराराच्या दुसऱ्या कलमाने तीन अटी घातल्या: पकडल्या जाणाऱ्या जातीची पुनरुत्पादनाची क्षमता टिकली पाहिजे, तिच्यावर जगणाऱ्या आणि तिच्याशी निगडित जातींशी तिचे नाते टिकले पाहिजे, आणि दोन-तीन दशकांत भरून निघणार नाही असा बदल होता कामा नये. मधली अट क्रांतिकारक होती. क्रिल पुरेसा आहे का, एवढे विचारून भागणार नव्हते. पेंग्विनला पुरेसा आहे का, हेही विचारायचे होते. तिचे आकड्यात रूपांतर करताना मात्र जो मार्ग निघाला तो तडजोडीचा होता. एकट्या जातीचा विचार केला तर मूळ साठ्याच्या अर्धा शिल्लक ठेवला की चालते. भक्षकांसाठी सगळाच ठेवायचा तर शंभर टक्के. मधला आकडा ७५, म्हणून वीस वर्षांनंतर साठा मासेमारीपूर्वीच्या ७५ टक्क्यांवर राहील एवढीच पकड असावी असे ठरले. पेंग्विनला प्रत्यक्षात किती लागतो हे मोजून ७५ आलेले नाहीत. पन्नास आणि शंभर यांची सरासरी काढून आले आहेत.

या सूत्रातून २००० सालच्या पाहणीच्या आधारे क्रिलची मर्यादा निघाली ५६ लाख १० हजार टन. चार देशांच्या जहाजांनी तेव्हा ध्वनिलहरी पाण्यात सोडून, परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून दक्षिण अटलांटिकच्या टापूतला साठा मोजला होता. दुरुस्त हिशेबाने तो ६ कोटी ३ लाख टन भरला. एवढी मर्यादा एकाच जागी वापरली गेली तर काय होईल, याची काळजी आयोगालाही होती. म्हणून त्याने एक अलीकडची रेघ मारली: टापूचे लहान विभाग पाडून पकड वाटून देईपर्यंत ६ लाख २० हजार टनांच्या पुढे जायचे नाही. हा आकडा कुठून आला? प्रत्येक उपक्षेत्रात तोवर कधीकाळी झालेली सर्वाधिक पकड घेऊन त्यांची बेरीज केली. म्हणजे हा आकडाही जीवशास्त्रातून आलेला नाही, जुन्या खतावणीतून आलेला आहे. तरी २००९ मध्ये आयोगाने त्याला एक शहाणी जोड दिली. या ६ लाख २० हजारांपैकी द्वीपकल्पाजवळ जास्तीत जास्त २५ टक्के, म्हणजे १ लाख ५५ हजार टन. साउथ ऑर्कनी आणि साउथ जॉर्जियाभोवती प्रत्येकी ४५ टक्क्यांपर्यंत. साउथ सँडविचजवळ १५ टक्के. बेरीज शंभराच्या वर जाते ती मुद्दाम, जहाजांना थोडी मोकळीक राहावी म्हणून. ही वाटणी ढोबळ होती, पण ती ‘कुठे’ या प्रश्नाचे उत्तर होती. द्वीपकल्पाजवळचा वाटा बहुतेक वर्षी भरे आणि तिथली मासेमारी वेळेआधी बंद होई. ती बंद होई म्हणून जहाजे पांगत. २०२४ च्या बैठकीत या वाटणीची मुदत संपली आणि ती वाढवण्यावर सभासदांचे एकमत झाले नाही. एकूण मर्यादा कायम राहिली, वाटणी गेली. पुढच्याच हंगामात जहाजे द्वीपकल्पाजवळ एकवटली, १ लाख ५५ हजारांची जुनी वेस मागे पडली, आणि सोळा वर्षांत न भरलेली एकूण मर्यादाही भरली.

वेस कुठे आहे याने एवढा फरक का पडतो, हे पेंग्विनच्या दिनक्रमात डोकावल्याशिवाय कळत नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर आले की आईबाप आळीपाळीने समुद्रात जातात आणि पोटात अन्न घेऊन परततात. पिल्लाला दोन दिवसांच्या आत घास हवा. म्हणून त्या आठवड्यांत पेंग्विनचा समुद्र वसाहतीपासून काही दहा किलोमीटरांचाच असतो. शंभर कोसांवर कोट्यवधी टन क्रिल असले तरी या पिल्लाच्या लेखी ते नाहीतच. याच जाणिवेतून कॅमलारने १९८० च्या दशकात परिसंस्थेच्या देखरेखीचा एक कार्यक्रम आखला. त्याची मोजमापे १९८९ पासून एका पद्धतीने नोंदवली जात आहेत. कल्पना सुंदर आहे: क्रिल मोजणे महाग आणि अवघड, तेव्हा क्रिल खाणाऱ्यांनाच मोजणीला लावायचे. अडेली, चिनस्ट्रॅप, जेंटू आणि मॅकरोनी पेंग्विन, काळ्या भुवईचा अल्बाट्रॉस, पेट्रेल, फर सील अशा ठरावीक जाती निवडल्या. प्रजननासाठी किनाऱ्यावर येताना पक्ष्याचे वजन किती, अंडी उबवण्याची पहिली पाळी किती दिवसांची, अन्नाच्या शोधात फेरी किती तासांची, पिल्लाच्या पोटात काय निघते, घरटे सोडताना पिल्लाचे वजन किती, किती जोड्यांची किती पिल्ले जगली. यातले प्रत्येक माप वेगळ्या काळाची आणि वेगळ्या अंतराची साक्ष देते. येतानाचे वजन सरलेल्या हिवाळ्याविषयी सांगते, फेरीचे तास या आठवड्यातल्या जवळच्या पाण्याविषयी, आणि वसाहतीतल्या जोड्यांची संख्या गेल्या चार-पाच वर्षांच्या सरासरीविषयी. एकच आकडा घेऊन बसणाऱ्याला यातले काहीच कळणार नाही. सगळे मिळून मात्र बरेच काही कळते.

जिथे माणूस पोचत नाही तिथे उपग्रह पोचला आहे, आणि तोही विष्ठेच्या वासावर नसला तरी तिच्या रंगावर. बर्फावरचा तपकिरी-गुलाबी डाग अंतराळातून दिसतो. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या पीटर फ्रेटवेल यांनी २००९ मध्ये या डागांवरून एम्परर पेंग्विनच्या वसाहती शोधल्या. २०१२ मध्ये जास्त बारकाईच्या छायाचित्रांवरून ४६ वसाहती आणि सुमारे २ लाख ३८ हजार जोड्या अशी जगभरची पहिली मोजदाद झाली. द्वीपकल्पाच्या टोकाजवळच्या डेंजर बेटांवर अशाच डागांचा माग काढत गेलेल्या शास्त्रज्ञांना साडेसात लाख अडेली जोड्या सापडल्या. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पश्चिम किनाऱ्यावर अडेली घटत असताना पूर्वेच्या बेटांवर इतके पक्षी सुखात होते. दुसरीकडे एलिफंट सीलच्या डोक्यावर चिकटवलेली यंत्रे हिवाळ्यात, बर्फाखाली, जहाज जाऊच शकत नाही अशा ठिकाणचे तापमान आणि क्षारता कळवतात. ध्रुवीय समुद्रातील देखरेख इतकी तल्लख कधीच नव्हती.

आणि तरीही या तल्लखपणाचा निर्णयाशी सांधा जुळलेला नाही, हे या सगळ्या कथेतले सर्वांत मोठे दुखणे आहे. पिल्लांची वजने अमुक टक्क्यांनी घटली तर पुढच्या हंगामात तिथली पकड तमुक टनांनी कमी करायची, असा एकही नियम इतक्या दशकांत झालेला नाही. निरीक्षणे येतात, अहवालात बसतात, शास्त्रज्ञांच्या गटात चर्चा होते, आणि मर्यादा आहे तिथेच राहते. कार्यक्रमाचा दुसरा हेतू होता मासेमारीने झालेला बदल आणि निसर्गतः होणारा बदल वेगळे ओळखणे. तोही साधला नाही. तसे ओळखायचे तर काही जागा मासेमारीला खुल्या आणि काही तशाच जागा मुद्दाम बंद ठेवून दोन्हींकडे पेंग्विन मोजायला हवेत. जहाजे जिथे क्रिल दिसेल तिथे जाणार आणि आपण त्यांच्यामागे पेंग्विन मोजणार, यातून कारण कधीच हाती लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की एवढी काळजी कशाला, पकड साठ्याच्या एक टक्क्याइतकीच आहे. हिशेब खरा आहे. २०१९ मध्ये पुन्हा झालेल्या पाहणीत साठा ६ कोटी २६ लाख टन निघाला; ६ लाख २० हजार म्हणजे त्याचा शंभरावा हिस्सा. जगातल्या किती मत्स्यव्यवसायांना असे प्रमाण सांगता येईल? पण एकोणीस वर्षांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे जवळजवळ सारखे आले म्हणून मधली वर्षे सारखी होती असे होत नाही. क्रिलची चांगली पिढी दर काही वर्षांनी येते आणि मधल्या काळात साठा काही पटींनी खालीवर होतो. साउथ जॉर्जियावर वाईट क्रिलवर्षात फर सीलची पिल्ले उपाशी मरतात हे तिथल्या बर्ड आयलंडच्या संशोधन केंद्राने पुनःपुन्हा नोंदवले आहे. आणि टक्केवारी काढताना छेदात लाखो चौरस किलोमीटरचा समुद्र असतो, तर अंशातली पकड ब्रान्सफील्ड आणि जर्लाश या सामुद्रधुन्यांसारख्या चिंचोळ्या पाण्यातून आलेली असते. छेद त्या सामुद्रधुनीपुरता घेतला की टक्का एकावर राहत नाही. प्रवाहाबरोबर नवे क्रिल वाहत येतात, पकडलेल्यांची जागा भरते, असे उत्तर दिले जाते. येतात, हे खरे. पण पिल्लाला दोन दिवसांत घास हवा असेल तर दोन आठवड्यांनी भरलेली जागा त्याच्या उपयोगाची नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: द्वीपकल्पावरचे पेंग्विन घटत आहेत ते तापमानवाढीमुळे, जाळ्यांमुळे नाही. तापमानवाढीचा हात कोणी नाकारत नाही. नैर्ऋत्य अटलांटिकमध्ये क्रिलचे केंद्र गेल्या नव्वद वर्षांत सुमारे ४४० किलोमीटर दक्षिणेकडे सरकल्याचा निष्कर्ष ॲटकिन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडला. इतर काही संशोधकांना त्याच आकडेवारीत घट दिसत नाही, हेही सांगायला हवे. एलिफंट बेटावरचे चिनस्ट्रॅप १९७१ पासून जवळजवळ ६० टक्क्यांनी घटले. त्याच पट्ट्यात जेंटू मात्र वाढत आहेत, कारण त्यांना बर्फ नको असतो आणि ते मासेही आवडीने खातात. एकाच समुद्रात तीन पेंग्विनांच्या तीन कहाण्या असताना सगळा दोष जाळ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु २०२० मध्ये वॉटर्स, हिंके आणि राइस या अमेरिकी संशोधकांनी तीन दशकांची निरीक्षणे ताडून पाहिली. ज्या ठिकाणी आणि ज्या काळात स्थानिक साठ्याच्या दहा टक्क्यांवर पकड गेली, तिथे पेंग्विनची कामगिरी घसरली होती, आणि ती घसरण खराब हवामानाच्या वर्षांइतकीच होती. एकूण मर्यादा कधीच ओलांडली गेली नव्हती. शिवाय तापमानवाढ हे कारण असेल तर त्यातून मोकळीक निघत नाही. होबार्टच्या बैठकीत बसून बर्फ वाढवता येत नाही. जहाज चाळीस किलोमीटर दूर ठेवता येते.

तिसरा युक्तिवाद जुना आहे आणि त्याची मला गंमत वाटते. देवमासे मारले गेल्यावर त्यांच्या तोंडचे क्रिल उरले, दरवर्षी १५ कोटी टन, असे १९७० च्या दशकात मानले गेले. तेव्हा माणसाने त्या ‘शिलकी’तून घेतले तर कुणाचे काय गेले? हिशेबाच्या वहीत ही शिल्लक दिसते, समुद्रात मात्र ती कधी साठून राहिलेली दिसली नाही. २०२१ मध्ये देवमाशांच्या अंगावर यंत्रे लावून मोजले असता ते पूर्वी समजत त्याच्या कितीतरी पट खातात असे आढळले. त्या हिशेबाने शिकारीपूर्वीचे दक्षिणेतले देवमासे वर्षाला सुमारे ४३ कोटी टन क्रिल खात असत. आज समुद्रात आहे त्याहून हे जास्त आहे. मग खाणारे गेल्यावर क्रिल वाढायला हवे होते ते का वाढले नाही? एक उत्तर असे की देवमाशांच्या विष्ठेतले लोह वरच्या पाण्यात वनस्पती-प्लवक वाढवत होते आणि त्या प्लवकावर क्रिल पोसले जात होते. सर्वांना हे पटलेले नाही, पण शिलकीच्या कल्पनेला यातून जो धक्का बसतो तो पुरेसा आहे. आता देवमासे परतत आहेत. एलिफंट बेटाजवळ दीडशे फिन देवमासे एकत्र चरताना पाहिले गेले आहेत. ज्या शिलकीवर हा धंदा उभा आहे असे म्हणतात, तिचे मूळ मालक हक्क सांगायला आले आहेत.

उद्योगाने स्वतःहून काही केले नाही असे नाही. क्रिल कंपन्यांच्या संघटनेने २०१८ पासून पेंग्विन वसाहतींभोवती ३० ते ४० किलोमीटरच्या पट्ट्यात प्रजननाच्या काळात न जाण्याचे ठरवले आणि ते बऱ्यापैकी पाळले. हे कौतुकास्पद आहे, आणि अपुरेही. पेंग्विनची पिल्ले फेब्रुवारीत समुद्रात जातात; जहाजे मग त्याच सामुद्रधुन्यांत शरद ऋतूत येतात, कारण बर्फ आता उशिरा धरतो. नेमके तेव्हाच हंपबॅक तिथे उत्तरेच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात. अलीकडच्या वर्षांत क्रिलच्या जाळ्यांत मेलेले हंपबॅक निघालेही आहेत. एका जातीसाठी काढलेले वेळापत्रक दुसरीला तारत नाही. याउलट साउथ जॉर्जियाच्या प्रशासनाने उन्हाळ्याचे सात महिने क्रिलची मासेमारी बंद ठेवली आहे आणि किनाऱ्यापासून ३० किलोमीटरचा पट्टा पूर्ण वर्ज्य केला आहे. धंदा तिथे हिवाळ्यात चालतो आणि चालतोच. आपल्याकडे जून-जुलैच्या मासेमारीबंदीवर दरवर्षी वाद होतात, पण माशाच्या विणीचा काळ सोडायचा असतो हे तत्त्व कोळीवाड्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

‘कुठे, केव्हा, कसे’ यांवर बोट ठेवले की काय होते याचा सर्वांत चांगला दाखला खुद्द कॅमलारकडेच आहे. टूथफिश या खोल पाण्यातल्या मौल्यवान माशासाठी किलोमीटरच्या किलोमीटर लांब दोरीवर हजारो आमिषे लावून सोडतात. आमिषाला झडप घालणारे अल्बाट्रॉस आणि पेट्रेल गळाला अडकून बुडत. १९९७ मध्ये साउथ जॉर्जियाच्या परवानाधारक मासेमारीतच पाच हजारांहून अधिक पक्षी मेल्याचा अंदाज होता. नियम झाले: दोरी रात्रीच सोडायची, तिला वजन बांधून झटकन बुडवायची, वर फडफडणाऱ्या पट्ट्या लावायच्या, विणीच्या उन्हाळ्यात मासेमारी बंद, आणि प्रत्येक जहाजावर निरीक्षक. काही वर्षांत मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. यासाठी टूथफिशची एकूण मर्यादा एका टनानेही कमी करावी लागली नाही. चोरट्या जहाजांचा प्रश्न वेगळा होता. २००० पासून माशाच्या प्रत्येक खेपेमागे पकडीचा दाखला सक्तीचा झाल्यावर चोरीच्या मालाला बंदरे मिळेनात. ‘थंडर’ नावाच्या एका चोरट्या जहाजाचा डिसेंबर २०१४ पासून ११० दिवस पाठलाग झाला आणि ते पश्चिम आफ्रिकेजवळ बुडाले.

मग सरळ सगळीच मासेमारी बंद का करू नये? भावनेने हे उत्तर सोपे आहे. पण करारातच विवेकाने वापर करण्याला जागा आहे, आणि ती जागा होती म्हणूनच मासेमारी करणारे देश करारात आले. ते बाहेर गेले तर खुल्या समुद्रात त्यांना अडवणारे कोणी नाही. निर्णय एकमताने होतात याची किंमतही उघड आहे. रॉस समुद्रातले १५ लाख ५० हजार चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र २०१६ मध्ये संमत झाले, पण अनेक वर्षांच्या घासाघाशीनंतर आणि ३५ वर्षांच्या मुदतीवर. पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र आणि द्वीपकल्प यांचे प्रस्ताव चीन आणि रशिया यांच्या विरोधाने अडलेले आहेत. विरोधकांचे म्हणणे असते की धोक्याचा पुरावा पुरेसा नाही. पण २०२४ नंतर क्रिलच्या बाबतीत एकमताच्या नियमाची दिशाच उलटली: वाटणी आणायला एकमत लागते तसे टिकवायलाही लागते, आणि मुदत संपली की मोकळीक आपोआप मिळते. मुदत संपल्यावर मासेमारी थांबेल, असा नियम असता तर एकमत लवकर झाले असते, असा माझा तर्क आहे.

तसा नियम जगाच्या दुसऱ्या टोकाला आहे. बेरिंग समुद्राच्या मध्यभागी, अमेरिका आणि रशिया यांच्या हद्दींबाहेर, खुल्या पाण्याचा एक तुकडा आहे. मच्छीमार त्याला डोनट होल म्हणत. १९८० च्या दशकात तिथे पोलॉक माशावर अनेक देशांचे ताफे तुटून पडले. १९८९ च्या सुमारास पकड चौदा लाख टनांच्या घरात होती आणि १९९२ पर्यंत मासा संपला. १९९४ मध्ये करार झाला, मासा अजून परतलेला नाही. हा धडा आठवूनच २०१८ मध्ये ग्रीनलंडच्या इलुलिसात येथे मध्य आर्क्टिक महासागराचा करार झाला आणि २५ जून २०२१ पासून लागू झाला. अमेरिका, रशिया, चीन, युरोपीय संघ यांसह दहा सह्या. २८ लाख चौरस किलोमीटरचा समुद्र. निदान सोळा वर्षे व्यापारी मासेमारी नाही. आधी पाहणी, मग विचार. तिथे अजून एकही मच्छीमार जहाज फिरत नव्हते, म्हणून सह्या सोप्या झाल्या हे खरे. पण अडवणारे चीन आणि रशिया तिथे सही करतात, याचा अर्थ धंदा सुरू होण्याआधी हा प्रश्न विचारला तर उत्तर वेगळे मिळते.

आणि असा, धंदा अजून जेमतेम सुरू झालेला समुद्र दक्षिणेतही शिल्लक आहे. पूर्व अंटार्क्टिकाच्या प्रिड्झ उपसागराकडच्या पाण्यात क्रिलची पकड तुरळक आहे, आणि त्याच किनाऱ्यावर, लार्समन टेकड्यांत, भारताचे ‘भारती’ केंद्र २०१२ पासून उभे आहे. भारत १९८६ पासून कॅमलारचा सभासद आहे. १९९५-९६ मध्ये ‘सागर संपदा’ जहाजाने क्रिलच्या शोधात दक्षिणेची मोहीमही केली होती, पण आपला क्रिलचा व्यवसाय उभा राहिला नाही. २०२१ मध्ये भारताने पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रातल्या संरक्षित क्षेत्रांना पाठिंबा जाहीर केला. ध्रुवीय मोहिमांचे काम गोव्यातल्या वास्कोचे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहते. धंद्यात हितसंबंध नसलेला, एकमताच्या मेजावर बरोबरीची खुर्ची असलेला आणि त्या किनाऱ्यावर बारमाही केंद्र असलेला देश त्या भागातल्या अडेली वसाहतींतले वजन, फेऱ्या आणि पिल्ले जाळी येण्याआधीच मोजायला लागला, तर द्वीपकल्पावर जी तुलना करायची संधी हुकली ती तिथे मिळेल: आधीचे आकडे, नंतरचे आकडे, आणि बंद ठेवलेला एक शेजारचा पट्टा.